मदत हवी आहे: सासरच्या बेटावरचे जुने फोटो, माणसं ओळखायची आहेत

ग्लासगोची सून: सासूबाईंच्या घरी बिस्किटाच्या डब्यात साठेक फोटो सापडलेत, बेटावरचे. बहुतेकांच्या मागे नावं नाहीत. सासूबाईंना आता कालचंही आठवत नाही, आणि पुढच्या शनिवारी घर रिकामं करून द्यायचंय. नवरा म्हणतो, स्कॅन करून ठेवू. पण माणसं कोण हेच कळलं नाही, तर मुलींच्या हाती काय द्यायचं? एका फोटोत तीन बहिणी आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करायचीय. लवकर सांगा कोणीतरी.

दर्यावर्दी: कुठलं बेट? स्कॉटलंडला शेकड्यांनी बेटं आहेत.

मिरजकर: ६०० डीपीआयने स्कॅन करा आणि रंग भरणाऱ्या ॲपमध्ये टाका. माझ्या आजोबांचा फोटो असा उजळला की आत्याला रडू आलं.

जुनी पानं: ॲप अंदाजाने रंग भरतं. उद्या मुली तोच खरा समजतील. मूळ स्कॅन तसंच ठेवा, मागची बाजूही स्कॅन करा, सेलोटेप लावू नका.

मिरजकर: मूळ स्कॅन पुसा असं मी कुठे म्हटलं? चेहरा नीट दिसला तर ओळख पटते, एवढंच.

ग्लासगोची सून: लुईस बेट, उत्तरेचा नेस भाग. तीन बहिणींच्या फोटोमागे ग्रेट यार्मथच्या फोटोग्राफरचा शिक्का आहे. ते तर इंग्लंडात, घरचं कोणी तिथे राहिलेलं नाही! शिवाय ३५ आणि गावाचं नाव लिहिलंय, म्हणजे १९३५ असावं.

शोधयात्री: स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर १८५५ पासूनच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी आहेत. तिथेच बघा, लोकांच्या आठवणींवर विसंबू नका.

दर्यावर्दी: नावच माहीत नाही तर नोंद कुठली शोधणार? आणि नेसला मॅक्लाउड, मॉरिसन उदंड. नावंही तीच तीच. म्हणून तिथली जुनी माणसं गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या मूळ भाषेत, विचारतात, ‘को लेश ऊ?’ म्हणजे तू कुणाची? आमच्या मालवणात ‘कोणाचा चेडू गो तू?’ विचारतात, अगदी तसंच. मग बापाचं, आजाचं नाव जोडून ओळख सांगायची.
ताई, त्या तिघींच्या बोटांना काही गुंडाळलंय का?

ग्लासगोची सून: हो! तिघींच्याही. चिंध्या. मला वाटलं भाजलं असेल. मागे लाकडी पिंपं आहेत.

दर्यावर्दी: मग बहिणी नसतीलही. त्या हेरिंग मासा साफ करणाऱ्या मुली. तिघींची टोळी असे: दोघी मासे चिरणार, तिसरी मिठासोबत पिंपात थर लावणार. सुरी लागू नये, मीठ झोंबू नये म्हणून चिंध्या. उन्हाळ्यात शेटलंड बेटांवर, पानगळीत यार्मथला, माशांच्या मागोमाग.
३५ हे साल नसावं. तिथे प्रत्येक क्रॉफ्टला, म्हणजे खंडाने कसायच्या जमिनीच्या तुकड्याला, क्रमांक असतो आणि तोच घराचा पत्ता. त्यावरून कुटुंब सापडेल. नेसची इतिहास संस्था, कोमन एखद्री निश, १९७७ पासून हेच काम करते. क्रॉस गावच्या जुन्या शाळेत आहे. दोन्ही बाजूंचे स्कॅन त्यांना पाठवा.

खवय्या: नेस म्हणजे तेच ना, जिथले लोक सुला स्गेर खडकावर जाऊन गॅनेट पक्ष्यांची पिल्लं खारवून आणतात? गुगा म्हणतात त्याला. कोणी खाल्लंय का?

जुनी पानं: कृपया वेगळा धागा काढा.

ग्लासगोची सून: थांबा, काढू नका. खडकावर बसलेल्या पुरुषांचाही एक फोटो आहे, बाजूला पक्ष्यांचा ढीग. नवऱ्याला वाटलं कोंबड्या. तो हाच का?

दर्यावर्दी: बहुधा हाच. पाठवाच. फक्त नौदलाच्या गणवेशातला कोणी असेल तर तो फोटो सासूबाईंना एकदम दाखवू नका. १ जानेवारी १९१९ ला युद्धावरून घरी परतणाऱ्यांचं आयोलेअर जहाज लुईसच्याच स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी फुटलं. २०१ माणसं गेली. कित्येक घरांत त्याबद्दल पुढे कोणी बोललंच नाही.

शोधयात्री: तरी नोंदी बघाच. क्रमांकावरून कुटुंब कळलं की जनगणना उपयोगी पडेल.

ग्लासगोची सून: आज सासूबाईंना तिघींचा फोटो दाखवला. मधल्या मुलीच्या हातावर बोट ठेवून गेलिकमध्ये बराच वेळ बोलल्या. नवऱ्याला ती भाषा येत नाही. मी फोनवर रेकॉर्ड केलंय. इथे कोणाला गेलिक येतं का?

दर्यावर्दी: क्रॉसला पाठवा. आज रात्रीच.