कंपनीचं डिपॉझिशन घेताना
डिपॉझिशनला (खटल्याआधी कोर्टाबाहेर शपथेवर घेतात ती साक्ष) जाताना सगळे प्रश्न शब्दशः लिहून न्या, असा सल्ला इथल्या चर्चेत दिलाय, तो मला अर्धाच पटला. ज्यावर कबुली हवीय ते चार-पाच प्रश्न नीट लिहावेत, बाकी नुसते मुद्दे आणि पुढे एक्झिबिट (पुराव्याचा कागद) नंबर, नाहीतर आपलं डोकं कागदात आणि साक्षीदार मधेच काहीतरी मोलाचं बोलून जातो (माझं निसटलंय असं, ट्रान्सक्रिप्ट वाचताना कळलं!).

पण माणसाऐवजी कंपनीचंच डिपॉझिशन असेल तर काय हे कोणी काढलंच नाही. अमेरिकेत फेडरल कोर्टात रूल ३०(बी)(६) खाली नोटिशीत विषय द्यावे लागतात, मग कंपनी तिच्या वतीने बोलणारा माणूस ठरवते आणि त्याला कंपनीकडे असलेली माहिती गोळा करून यावं लागतं, "मी तेव्हा नव्हतो" म्हणून सुटता येत नाही. म्हणून मी नोटिशीतले विषय आणि प्रश्न एकत्रच लिहायला घेते, "करारासंबंधी सर्व बाबी" असलं मोघम लिहिलं की ऑब्जेक्शन आलंच. आणि तयारीसाठी कोणाशी बोललात, काय कागद पाहिलेत हे सुरुवातीलाच विचारायचं, वेळ साधारणपणे माणशी ७ तासच असतो.