टेकडीलगतच्या सोसायटीतील गाजरगवत, सुबाभूळ, वेडेलिया आणि घाणेरी: आधी काय काढावे?

बागसमिती_कोथरूड

नमस्कार. आमची सोसायटी कोथरूडच्या बाजूने टेकडीच्या उताराला लागून आहे आणि मागची भिंत ओलांडली की वनखात्याची हद्द सुरू होते. भिंतीच्या आत, जिथे कधीकाळी बांधकामाचा राडारोडा टाकला होता, तिथे पावसाळ्यात कमरेइतके गाजरगवत माजते. भिंतीलगत सुबाभळीची रोपे दाटीने उगवतात आणि त्यांतील काहींची आता चांगली झाडे झाली आहेत. हिरवळीला पाणी फार लागते म्हणून काही वर्षांपूर्वी वेडेलिया लावली होती. पिवळ्या फुलांच्या त्या सरपटणाऱ्या वनस्पतीने आता सगळा उतार व्यापला आहे. भिंतीपलीकडे घाणेरीची जाळी आहे आणि तिच्या फांद्या भिंतीवरून आत येतात.

पावसाळ्यापूर्वी काहीतरी ठरवावे म्हणून समितीची बैठक घेतली, तेव्हा एकमत काही झाले नाही. एका सभासदांचा आग्रह आहे की तणनाशक फवारून विषय संपवावा. दुसरे म्हणतात, परदेशी ते सगळे काढायचे असेल तर फाटकाजवळचा गुलमोहरही काढावा लागेल. काही तरुण मंडळींना रविवारी टेकडीवर जाऊन घाणेरी तोडायची आहे, तर आमच्या इमारतीतील एका ज्येष्ठ पक्षिप्रेमी बाईंचा त्याला ठाम विरोध आहे. माणसे थोडी आहेत आणि पैसा त्याहून थोडा आहे. अशा वेळी आधी काय हाती घ्यावे आणि काय तूर्त तसेच राहू द्यावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_वनस्पतिशास्त्र

गुलमोहराचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तो मुद्दा उपस्थित झाला की बैठका तिथेच अडकतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आहे हे खरे, पण पुण्यात तो जिथे लावला तिथेच उभा राहतो. टेकडीवर त्याचे रान माजलेले कोणी पाहिलेले नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि पेरू हे सगळे अमेरिका खंडातून आले, आणि ज्याच्या नावावर सासवड-पुरंदरचा बाजार चालतो ते सीताफळही तिकडचेच. जन्मस्थान हा निकष धरला तर आपल्या ताटात फारसे काही उरणार नाही. पाहायचे ते इतकेच की ती वनस्पती कोणी न लावता आपोआप पसरते का, आणि पसरल्यावर तिथल्या मूळच्या गवता-झुडपांना हटवून सलग एकटीचेच रान करते का. आपण लिहिलेल्या चारही वनस्पती या कसोटीला उतरतात, मात्र चौघींचे वागणे वेगवेगळे असल्याने उपायही वेगवेगळे आहेत.

गाजरगवतापासून सुरुवात करावी. त्याचा आणि पुण्याचा संबंध जुना आहे, कारण भारतातील त्याच्या प्रसाराची पहिली नोंद म्हणून जी सांगितली जाते ती १९५५ सालची, पुण्यातील उकिरड्यांवरची आहे. पी.एल. ४८० या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्रास म्हटले जाते, पण भारताशी तो करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. तेव्हा धान्यातून आलेच असेल तर त्याआधीच्या एखाद्या आयातीतून आले असले पाहिजे. ते कसेही आलेले असो, त्याला लागते ती उकरलेली, उघडी, कोणाचीच वस्ती नसलेली जमीन, आणि आपल्या राडारोड्याच्या जागेवर नेमकी तीच आहे. एका झाडापासून पंधरा ते पंचवीस हजार बिया तयार होऊ शकतात आणि ओल मिळाली की वर्षातील जवळजवळ कोणत्याही महिन्यात त्या रुजतात. म्हणून फुलोरा येण्यापूर्वी, पहिल्या-दुसऱ्या मोठ्या पावसानंतर जमीन मऊ असताना, ते मुळासकट उपटणे हाच मुख्य उपाय आहे. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आवश्यक आहेत, कारण त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे काहींच्या त्वचेला तीव्र दाह होतो. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असणाऱ्यांनी या कामात उतरू नये. फुलावर न आलेली झाडे खताच्या खड्ड्यात टाकता येतात, फुलावर आलेली टाकू नयेत.

त्यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी होत नाही. मोकळी झालेली जमीन तशीच ठेवली तर पुढच्याच सरीनंतर ती पुन्हा गाजरगवताने भरते. तिथे टाकळ्याचे बी फेकावे. ते मोसमाच्या प्रारंभी दाट उगवते आणि गाजरगवताच्या रोपांना वर येऊ देत नाही. शिवाय त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, हा पावसाळ्यातील वेगळा लाभ.

आणखी एक सूचना करतो. जुलै-ऑगस्टमध्ये गाजरगवताच्या पानांवर पांढरट पिवळसर, काळ्या नागमोडी रेषांचे लहान भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नये. ते मेक्सिकन भुंगेरे असून १९८४ मध्ये बंगळूरु येथे याच तणाच्या नियंत्रणासाठी सोडण्यात आले आणि तेथून देशभर पसरविण्यात आले. ते आणि त्यांच्या अळ्या पाने खाऊन फुलोरा रोखतात. कोरड्या दिवसांत हे भुंगेरे जमिनीत दडून राहतात, त्यामुळे केवळ त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

तणनाशकाचा आग्रह धरणाऱ्या सभासदांना एवढेच सांगावे की ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेद्वारे कीडनियंत्रण करणाऱ्या प्रशिक्षित चालकांपुरता मर्यादित केला होता, आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेत माळ्याच्या पाठीवर पंप देऊन ते फवारणे मला कोणत्याही नियमाशिवायही गैर वाटते. मिठाचे पंधरा-वीस टक्के द्रावण गाजरगवत जाळते हे खरे असले, तरी ते फरशीच्या फटींपुरतेच वापरावे; मातीत मुरलेले मीठ पुढे काहीच उगवू देत नाही.

डोंगरगवत

आम्ही काही जण टेकडीवर नियमित काम करतो, त्यामुळे घाणेरीविषयी लिहितो. आपल्या तरुण मंडळींचा उत्साह स्वागतार्ह आहे, परंतु वनखात्याच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय साधी घाणेरीची फांदीही तोडू नये. हेतू कितीही चांगला असला तरी राखीव वनात १९२७ चा भारतीय वन कायदा लागू होतो. वनरक्षकांना प्रथम भेटून, नेमका कोणता तुकडा, कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या पद्धतीने साफ करणार हे लिहून दिले की सहसा चर्चा पुढे सरकते.

पद्धतीला महत्त्व यासाठी की कोयत्याने वरून छाटलेली घाणेरी काही आठवड्यांत पहिल्यापेक्षा दाट फुटते, आणि पेटवून दिली तरी बुंध्यातून पुन्हा येते. दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू यांच्या गटाने रूढ केलेली रीत अशी आहे की बुंध्याजवळची माती थोडी बाजूला करून, जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचे, संपूर्ण झुडूप उचलायचे आणि मुळे आकाशाकडे करून तिथेच उलटे ठेवून वाळवायचे. त्यामुळे ते पुन्हा मूळ धरत नाही आणि जमीनही फारशी उकरली जात नाही, जे उतारावर फार महत्त्वाचे आहे. फळे पिकण्यापूर्वी हे काम उरकावे. पक्षी जिथे विसाव्याला बसतात त्या झाडांखाली पुढच्या वर्षी घाणेरीची रोपे हमखास सापडतात. ती उपटण्यासाठी किमान तीन पावसाळे त्याच तुकड्यात परत यावे लागते. म्हणून माझा आग्रह असा की एका रविवारी शंभर माणसे नेण्याऐवजी पाच माणसांनी एक गुंठा जागा निवडावी आणि ती सोडू नये.

साफ झालेल्या जागी वृक्षारोपण करण्याचा मोहही आवरावा. पुण्याच्या टेकड्यांवर पातळ मातीखाली काळा पाषाण आहे आणि तिथले मूळचे रूप विरळ झाडांच्या गवताळ माळाचे आहे. कुसळी, पवन्या यांसारखी गवते, अधूनमधून हेंकळ, मेडशिंगी, मोई, सालई, हिवर. एवढेच तिथे असायचे. हा माळ म्हणजे ओसाड जमीन असे समजून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड झाली. मूळचे मध्य अमेरिकेतील हे झाड शेताच्या बांधावर उत्तम आहे, त्याचा पाला भाताला खत म्हणून घालतात. पण टेकडीवर त्याची एकसुरी दाटी झाली आणि तिच्या सावलीत गवत हटले. फेब्रुवारीत त्याचा गुलाबी बहर पाहायला येणाऱ्यांना हे सांगितले की ते दुखावतात, याची मला कल्पना आहे. ते सरसकट तोडा असे मी म्हणत नाही, पण साफ केलेल्या नव्या जागेत गवत येऊ द्यावे, त्यावर पुन्हा झाडांची गर्दी करू नये.

बुलबुल_खिडकीतले

आपल्या पक्षिप्रेमी बाईंची बाजू मला मांडावीशी वाटते, कारण अशा चर्चेत ती बाजू भाबडी ठरवून सोडून दिली जाते. घाणेरीच्या काटेरी जाळीत बुलबुल घरटी करतात, तिची फळे खातात आणि फुलांवर फुलपाखरांची गर्दी असते; जवळपास दुसरे दाट झुडूपच उरले नसेल तर एका आठवड्यात सगळी जाळी भुईसपाट करणे म्हणजे त्यांचा आसराच काढून घेणे होय. डोंगरगवत यांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु त्यांच्या गुंठ्याच्या हिशेबाला एक अट जोडावी. शेजारी पर्यायी झुडूप उभे राहिल्याशिवाय पुढचा गुंठा घेऊ नये, आणि काम सुरू करण्यापूर्वी जाळीत घरटे नाही याची खात्री करावी.

तुमच्या भिंतीच्या आतल्या बाजूला हे पर्याय आजच लावता येतील. करवंदाची काटेरी जाळी पक्ष्यांना घाणेरीइतकीच सुरक्षित आहे आणि फळे आपल्यालाही मिळतात. धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर येतात. अडुळसा आणि निर्गुडी फारसे न मागता वाढतात आणि गुरे त्यांना तोंड लावत नाहीत. फुलपाखरांना केवळ मध पुरत नाही, त्यांच्या अळ्यांना ठरावीक झाडांची पाने लागतात. त्यासाठी कढीपत्ता, लिंबू, वाघाटीचा वेल आणि कोपऱ्यात एखादी रुई राहू द्यावी. घाणेरी मध देते, पण अळ्यांच्या उपयोगी ती क्वचितच पडते, हे बाईंनाही पटेल असे वाटते.

रोपवाटिका_हडपसर

वेडेलियाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ही वनस्पती पेऱ्यापेऱ्यावर मुळे धरते, त्यामुळे वरून कापणी केल्यास तिचा प्रसारच होतो. उताराच्या वरच्या टोकापासून सुरुवात करून हातभर रुंदीचा पट्टा खुरप्याने मुळासकट सोलत खाली यावे, आणि सोललेल्या जागेवर लगेच हरळी किंवा ओलाव्याच्या बाजूला जलपिंपळी लावावी. सगळा उतार एकदम उघडा केला तर पहिल्याच पावसात माती वाहून जाईल, म्हणून हे काम दोन मोसमांत विभागावे.

आमच्या व्यवसायातील माणसांनीही यात थोडे भान ठेवायला हवे, हे मान्य करतो. कमी पाण्यात पसरणारे आणि बारमाही फुलणारे रोप ग्राहक मागतात, आणि नेमके हेच गुण कुंपणाबाहेर त्रासदायक ठरतात. नारिंगी-पिवळ्या कॉसमॉसचे बी शोभेसाठी उधळण्याची अलीकडे हौस वाढली आहे. पुण्याच्या आसपासच्या रस्त्यांच्या कडेला आणि उतारांवर ते आता आपोआप उगवते. टेकडीला लागून असलेल्या बागेत तरी ते लावू नये.

बागसमिती_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या आहेत. सुबाभळीची मोठी झाडे तोडायची झाल्यास काय करावे लागेल, आणि उपटलेल्या वेडेलियाची विल्हेवाट कशी लावावी? आमचे माळीबुवा आजवर बागेतला सगळा पालापाचोळा भिंतीपलीकडे टाकत आले आहेत.

निवृत्त_वनस्पतिशास्त्र

भिंतीपलीकडे टाकणे आजपासून थांबवावे, कारण वेडेलियाचा वीतभर तुकडा आणि सुबाभळीच्या वाळलेल्या शेंगा टेकडीवर पोहोचण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. वेडेलिया गच्चीवर किंवा सिमेंटच्या जागेवर पातळ पसरून कडक उन्हात पूर्ण वाळवावी, मगच खताच्या खड्ड्यात टाकावी. पावसाळ्यात उपटली असेल तर काळ्या प्लॅस्टिकखाली झाकून कुजवावी आणि कोंब दिसतो का ते अधूनमधून उघडून पाहावे.

सुबाभळीचे मोठे झाड सोसायटीच्या जागेत असले तरी १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे रीतसर अर्ज करावा, परस्पर करवत चालवू नये. परवानगी येईपर्यंत शेंगा हिरव्या असतानाच तोडत राहावे, म्हणजे बियांचा नवा साठा मातीत पडणार नाही. जुना साठा अनेक वर्षे रुजत राहील, त्यासाठी वीतभर उंचीची रोपे ओल्या मातीतून सोटमुळासह उपटणे सोपे जाते. पाला शेळ्यांना थोड्या प्रमाणात देता येतो, मात्र त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असल्याने घोड्यांना तो मुळीच घालू नये. झाड तोडले तरी बुंधा फुटतो, म्हणून परवानगीच्या अर्जातच खोड मुळासह काढण्याचा उल्लेख करावा; आणि ते खोड भिंतीच्या पायाला लागून असेल तर आधी एखाद्या स्थापत्य अभियंत्याला ती भिंत दाखवावी.