पीएमपीला (पुण्याच्या शहर बससेवेला) आधी बस हव्यात की रस्ता?

मार्गिका_आधी:
नगर रस्त्यावरची बीआरटी (फक्त बससाठी राखीव मार्गिका) उखडल्यापासून 'मार्गिका गेली तर गेली, बस वाढवा' हा सूर वाढलाय. हिशेब करून बघा. १२ किमीचा मार्ग, जाऊन-येऊन २४. ताशी १६ किमी वेग मिळाला तर ९० मिनिटं, दोन्ही टोकांचा थांबा मिळून २०, म्हणजे फेरी ११० मिनिटांची. दर १० मिनिटांनी बस सोडायला ११ गाड्या. वेग १२ वर घसरला की फेरी १४० मिनिटांची आणि गाड्या १४. तीन गाड्या, दोन पाळ्यांचे चालक-वाहक, डेपोतली जागा, सगळं वाढलं. प्रवाशाला मात्र बस दहा मिनिटांनीच, वर प्रवास लांबलेला. बसखरेदीच्या प्रत्येक प्रस्तावाला मार्गनिहाय वेगाचा तक्ता जोडल्याशिवाय मंजुरी नको.

थांब्यावरचा:
साफ असहमत. केंद्राच्या २००९ च्या सेवा-मानकांत हजार लोकांमागे ०.६ बस ही सर्वांत वरची पातळी. ५० लाख वस्ती धरली तरी ३,००० बस झाल्या. तक्ते कसले मागताय? मिनिटाला एक बस आणि प्रत्येकीत ६० माणसं असतील तर मार्गिकेतून तासाला ३,६०० लोक जातात. दहा मिनिटांनी एक आली तर ३६०. एवढे तर शेजारच्या लेनमधून दुचाकीवर जातात. समोर मोकळं डांबर दिसल्यावर ते आत घुसणारच.

मार्गिका_आधी:
३६० हा एका मार्गाचा आकडा. कॉरिडॉरवर दहा मार्ग एकत्र आले की तीच मिनिटाला एक बस होते.

चौकवाला:
मार्गिका मरते चौकात. रस्त्याच्या मधोमध बस, तिच्या डावीकडे उजवं वळण घेणारी वाहनं. दोघांना एकाच वेळी हिरवा देता येत नाही, म्हणून सिग्नलचे फेज (टप्पे) वाढतात. १२० सेकंदांच्या चक्रात चार फेज, प्रत्येकी ५ सेकंद पिवळा-लाल संक्रमणात. उरले बसला २५ सेकंद. उजवं वळण बंद करून पुढे यू-टर्न दिला तरच जमतं, आणि तो निर्णय कुणाला घ्यायचा नसतो. २००६ च्या कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी प्रयोगापासून हेच चाललंय.

शिवाय मधल्या स्थानकाला दार उजवीकडे लागतं. नुसती डाव्या दाराची गाडी घेतली तर ती मार्गिकेबाहेरच पळणार. तेव्हा 'आधी बस' म्हणणाऱ्यांनी निविदेत दार कुठे आहे तेवढं बघावं. फलाटापासून फूटभर लांब गाडी लावली की म्हातारी माणसं फटीकडे बघत उभी राहतात आणि थांबा दुप्पट लांबतो. इथे वेग जातो, धावताना नाही.

थांब्यावरचा:
दाराचं मान्य. मग सलग बीआरटीचा हट्ट सोडा. चौकाआधी शंभर मीटर फक्त बससाठी आणि तिला पाच सेकंद आधी हिरवा.

चौकवाला:
चालेल, पण पाच सेकंद कमी आहेत. बस हलेपर्यंतच संपतात. आणि कॅमेऱ्याने दंड लावणार नसाल तर त्या शंभर मीटरात रिक्षा थांबा होईल.