मदत हवी आहे : खालाला (मावशीला) समजावेल अशी एखादी आलिमा (दीन शिकलेली बाई) आहे का ओळखीत?

सलाम, नमस्कार मंडळी. माझ्या खालाच्या सोन्याच्या पाटल्या घरातून गेल्या. पोलिसांत तक्रार दिली आहे. पण आता एक आमिल (तावीज-झाडफूक करणारा) म्हणतो, "माझ्या ताब्यात जिन्न आहे, तो चोर दाखवेल." लिंबं, काळं कापड अन् वर रोख एकवीस हजार!

जिन्न आहेत, हे आम्ही मानतोच. कुरआनात ७२ वी सूरह (अध्याय) त्यांच्याच नावाची आहे. पण गैबचं इल्म, म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींचं ज्ञान, फक्त अल्लाहला. ३४ व्या सूरहमध्ये आहे बघा, हजरत सुलैमान (पैगंबर) वारले तरी जिन्न राबतच राहिले. ते टेकून होते ती काठी किड्याने खाल्ली, ते खाली पडले, तेव्हा कुठे जिन्नांना पत्ता लागला. असे जिन्न पाटल्या काय शोधणार?

खाला म्हणते, "तू कधीपासून आलिम झाला बे?" घ्या!

नागपुरात मोमिनपुरा किंवा टेका भागात बायकांशी शांतपणे बोलणारी आलिमा माहीत आहे का? नसेल तर मौलानाही चालतील. अन् २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली कोणी तक्रार केली असेल तर अनुभव सांगा. गुरुवारी तो पैसे न्यायला येतो, म्हणून जरा लवकर.