तीन वर्षांच्या मुलीसाठी लोककथांची चित्रपुस्तके कशी निवडावीत?

प्रश्न: मुलीला रोज झोपताना मराठी लोककथा वाचून दाखवाव्यात, अशी फार इच्छा आहे, मात्र दुकानात चिऊ-काऊच्या एकाच गोष्टीची अनेक पुस्तके दिसतात. त्यांतून निवड कशी करावी?

पहिले उत्तर: दुकानातच दोन पाने मोठ्याने वाचून पाहावीत. म्हातारीच्या गोष्टीत ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ हे पालुपद प्रत्येक वेळी त्याच शब्दांत यायला हवे, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मूल ते आपणहून म्हणू लागते. पालुपद गाळून नुसता सारांश देणारे पुस्तक मी तरी घेणार नाही.

दुसरे उत्तर: चित्रांकडेही तितकेच लक्ष द्यावे. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो प्रसंग समोरासमोरच्या दोन्ही पानांवर पसरलेला असेल, तर मूल तिथे बोट ठेवून प्रश्न विचारत राहते. काही पुस्तकांत शेवटी कावळ्याला चटका बसतो, तेव्हा शेवट आधी स्वतः वाचावा.

तिसरे उत्तर: ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात. ती वाचनपातळीनुसार लावलेली असल्याने पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी आणि मुलीला जी गोष्ट पुन्हा हवीशी वाटेल, तशा धाटणीचे छापील पुस्तक मग विकत घ्यावे.