परक्या वैमानिकाला घरात लपवायचं, म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

दांडियाबाजारची_मावशी

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या भगिनी मंडळात मला 20 मिनिटं बोलायचंय. विषय मीच निवडला आणि आता एका जागी अडलेय.

सुरुवात आपल्या बडोद्यातच झाली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत, लोखंडी मांडण्यांमधल्या त्या काचेच्या फरशीवर उभी राहून चाळत होते. तिथे वाचलं की दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलात 124 क्रमांकाचं ‘बडोदा’ स्क्वॉड्रन होतं. गायकवाडांनी दिलेल्या पैशांतून त्याची स्पिटफायर विमानं आली होती. ती फ्रान्सवर जायची. घरी येताना रिक्षात तेच डोक्यात. त्यातलं एखादं पडलं, पोरगा पॅराशूटने शेतात उतरला, तर पुढे काय? खाली जर्मनांचा अंमल.

मग वाचत गेले. 22 सप्टेंबर 1941 चं जर्मन लष्कराचं फ्रान्समधलं फर्मान आहे. शत्रूच्या वैमानिकाला मदत करणाऱ्या पुरुषाला तिथल्या तिथे गोळी, बाईची रवानगी जर्मनीतल्या छळछावणीत. धरून देणाऱ्याला 10,000 फ्रँकपर्यंत बक्षीस. भिंतीवर हे लावलेलं असताना लोकांनी दार उघडलं!

जर्मनांच्याच ताब्यातल्या बेल्जियममधली, ब्रसेल्सची आंद्रे द योंग मला त्या वाचनातच भेटली. ऑगस्ट 1941 मध्ये एक स्कॉटिश सैनिक आणि दोन बेल्जियन माणसं घेऊन ती पिरेनीज डोंगर पायी ओलांडून स्पेनमध्ये बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत पोचली. वय 24. तिथल्या साहेबांचा विश्वासच बसेना. तिने पैसे मागितले ते फक्त वाटखर्चाचे. तिची ती वाट पुढे ‘कोमेट’ म्हणून ओळखली गेली. सुमारे 800 जण त्या वाटेने सुटले.

पण माझ्या मैत्रिणींना मी ओळखते. त्या पहिला प्रश्न विचारतील, “अगं, मोजून मिळणाऱ्या पावात त्याला काय वाढलं? त्याचे कपडे कुठे वाळत घातले?” याची उत्तरं कोणाला माहीत असतील तर सांगा. शौर्याची विशेषणं नकोत, घरातलं सांगा.

मकरपुऱ्याचे_निवृत्त

ताई, मी हवाई दलात 28 वर्षं काढली, विमानांच्या देखभालीत. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

बेल्जियममध्ये माणशी पाव दिवसाला 225 ग्रॅम. लपलेल्या माणसाचं रेशनकार्ड नसणार. म्हणजे बनावट कार्ड मिळवा, काळ्या बाजारातून आणा, नाहीतर आपल्या ताटातलं काढून द्या. बहुतेक घरांत तिसरंच होत असणार. त्यात ही विशी-बाविशीतली पोरं, भूक केवढी!

वैमानिकांकडे रेशमी कापडावर छापलेला नकाशा असे, कारण रेशीम घडी केलं तरी वाजत नाही आणि भिजलं तरी फाटत नाही. छोटं होकायंत्र असे. खोट्या ओळखपत्रासाठी साध्या कपड्यांतला फोटोही बरोबर दिलेला असे. पण बूट कोण देणार? अंगावरचा युनिफॉर्म जाळता किंवा पुरता येतो, सदरा-कोट शेजारून मिळतो. सहा फुटी पोराच्या मापाचे बूट युद्धाच्या दिवसांत मिळवणं म्हणजे खरी परीक्षा.

शिवाय सवयी मोडायच्या. अमेरिकन मुलं सुरीने कापून झालं की काटा उजव्या हातात घेतात, तिकडची माणसं डाव्यातच धरतात. च्युइंग गम बंद. खिशात हात घालून चालणं बंद. रेल्वेत तोंड उघडायचं नाही, पेपर धरायचा किंवा झोपेचं सोंग घ्यायचं. वाटाड्या मुलगी ओळख न दाखवता पुढे चालणार, याने मागे.

आणि दार उघडताना समोरचा खरा वैमानिक आहे की नाही, हे कसं कळणार? नोव्हेंबर 1942 मध्ये दोन जर्मन हेर अमेरिकन वैमानिक म्हणून ब्रसेल्सच्या मारेशाल कुटुंबात शिरले. आई, वडील, मुलगी, सगळे पकडले गेले. त्या धरपकडीत शंभराच्या आसपास माणसं पकडली गेली. वडिलांना पुढच्या वर्षी गोळ्या घातल्या. हे मात्र नक्की सांगा.

वाडीतला_नातू

मावशी, तुमच्या कपड्यांच्या प्रश्नावर राहवलं नाही म्हणून लिहितोय. युद्धाशी संबंध नाही, पण बेचाळीसच्या चळवळीत आमच्या आजीने नाशिककडचा एक भूमिगत मुलगा 11 दिवस माळ्यावर ठेवला होता. मुलांना सांगितलं, मुंबईचा मामा आहे, गोवर आलाय, वर जायचं नाही. आजी त्याचा सदरा दोरीवर आधी घालायची आणि त्यावर आजोबांचं धोतर पसरायची. ओटल्यावरून बघणाऱ्याला धोतरच दिसे. धोतराखाली सदरा नीट वाळायचा नाही, मग रात्री चुलीजवळ धरायची. त्याला धुराचा वास यायचा, असं ती शेवटपर्यंत सांगे.

समोरच्या काकूंनी एका शब्दाने विचारलं नाही. त्या एकादशीला खिचडीचं पातेलं मात्र नेहमीपेक्षा मोठं आलं.

सयाजीगंजची_फ्रेंचवाली

मी फ्रेंच शिकवते. मावशी, आंद्रेबद्दल बोलणारच आहात, तर फ्रांचा उसांदिझागाचं नाव घ्याच. फ्रान्स-स्पेन सीमेजवळच्या उरून्य गावातली शेतकरीण, विधवा, पदरी तीन मुलं. डोंगर चढण्याआधीचा शेवटचा मुक्काम तिच्या घरी. तिथून फ्लोरेंतिनो नावाचा बास्क चोरटा व्यापारी दोरीच्या तळव्यांच्या चपला घालून रात्री पुढे निघायचा आणि बिदासोआ नदी अंधारात ओलांडून द्यायचा. जानेवारी 1943 मध्ये त्याच घरात आंद्रे, तीन वैमानिक आणि फ्रांचा पकडले गेले. चौकशीत आंद्रेने सांगितलं की प्रमुख मीच. एवढीशी पोरगी प्रमुख कशी असेल म्हणून जर्मनांना ते पटलं नाही. ती छावण्यांतून जिवंत परतली आणि पुढे काँगो, कॅमेरून, इथिओपियात कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करत राहिली. फ्रांचा एप्रिल 1945 मध्ये राव्हेन्सब्रुकच्या छावणीत वारली. युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता.

दांडियाबाजारची_मावशी

वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. सगळ्यांचे मनापासून आभार.

मी सुरुवात आंद्रेपासून करणार होते, आता फ्रांचाच्या स्वयंपाकघरापासून करते. त्या तीन मुलांच्या ताटांपासून. काका, 225 ग्रॅम पाव तोलून ताटलीत घेऊन जाईन. एकीच्या हातात दिला की बाकी सांगावं लागणार नाही.

वाडीतल्या दादा, तुमच्या आजींची दोरीची गोष्ट सांगायची परवानगी द्याल का? नाव-गाव काही सांगणार नाही. आणि फ्रेंचवाल्या ताई, ‘उसांदिझागा’मधला जोर कुठल्या अक्षरावर, तेवढं सांगा. बाईचं नाव तरी मला नीट घ्यायचंय.