'कृपेवर जगणं' म्हणजे मिंधेपणा का?

प्रश्न

एका ख्रिस्ती प्रवचनाचं मराठी करतोय. विषय असा, की देवाची कृपा उमगली की माणसाचं रोजचं वागणं कसं बदलतं. मी लिहिलं, 'कृपेवर जगायला शिकलो की मन हलकं होतं.' आईला वाचायला दिलं. ती ख्रिस्ती नाही, पण भाषेला पक्की आहे. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या कृपेवर जगायचं म्हणजे मिंधं होऊन राहायचं. त्यानं मन जड होतं, हलकं कसं होईल?" यावर मला उत्तर सुचलं नाही. कृपा, दया, अनुग्रह, प्रसाद यांतला कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद १

अनुग्रह घ्या. त्याला मेहेरबानीचा वास नाही.

प्रतिसाद २

अनुग्रहाला मेहेरबानीचा वास नाही हे खरं, पण अनुग्रह म्हटलं की गुरू आणि शिष्य डोळ्यांपुढे येतात. शिष्याची तयारी बघून अनुग्रह देतात, अशीच आपली समजूत असते. तुमच्या प्रवचनाचा मुद्दा नेमका उलटा असणार.

'प्रसाद' अर्थानं सगळ्यात जवळचा होता. पसायदानातला 'पसाय' म्हणजे प्रसादच. पण आज प्रसाद म्हटलं की हात पुढे होतो, आणि 'चांगला प्रसाद मिळाला' म्हटलं की पाठ चोळावी लागते. तो शब्द आता हातचा गेला.

दया आणि कृपा यांतला फरक प्रवचनांत नेहमी सांगतात: लायक होतो ती शिक्षा टळली तर दया, लायक नव्हतो ते मिळालं तर कृपा. लक्षात ठेवायला बरं आहे, पण मूळ शब्द इतके चौकोनी नाहीत. बायबलच्या जुन्या करारातल्या 'हेसेद' या हिब्रू शब्दाला मराठीत बहुधा 'दया' येते ('त्याची दया सनातन आहे'). त्या शब्दात शिक्षा टळण्यापेक्षा दिल्या शब्दाला जागणं जास्त आहे.

प्रतिसाद ३

शब्द कृपाच ठेवा. पण आईंचा आक्षेप झटकू नका, त्याला दोन हजार वर्षांचा आधार आहे.

नव्या करारात ग्रीक शब्द आहे 'खारिस'. तो पौलानं, म्हणजे नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणाऱ्या प्रेषितानं, घडवलेला नाही, बाजारात चालणारं नाणं होतं. खारिस म्हणजे देणगी, खारिस म्हणजेच देणगीबद्दलचे आभार. दिलेलं आणि त्याबदल्यात परत यायचं ते, दोन्हींना एकच शब्द. त्याच शब्दाच्या अनेकवचनी नावाच्या तीन देवता हातात हात घालून फेर धरताना दाखवत. पौलाच्याच काळातला रोमन तत्त्वज्ञ सेनेका त्या तीनच का याचं प्रचलित स्पष्टीकरण देतो: एक देते, एक घेते, एक परत करते. फेर तुटता कामा नये. धनवंतानं द्यायचं, घेणाऱ्यानं त्याचा माणूस म्हणून वावरायचं. आपल्याकडे याला 'मर्जीतला माणूस' असा नेमका शब्द आहे, आणि मर्जी आली की खप्पामर्जीही येतेच.

पौल हाच शब्द उचलतो आणि वेतनासमोर उभा करतो. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो, काम करणाऱ्याला मिळणारी मजुरी ही कृपा नव्हे, ते त्याचं येणं असतं. पाचव्यात तर म्हणतो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. म्हणजे पात्रता बघून दिलेलं नाही. ऐकणाऱ्यांना हे खटकलं असणार. सेनेकाच्या जगात देणगी माणूस पारखून द्यायची होती.

परतफेडीचं म्हणाल तर ती शक्य तरी कुठे आहे? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूचा एक दाखला, म्हणजे बोधकथा, आहे: एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज राजा सोडून देतो. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. माणूस मिंधा कधी होतो? थोडंफार फेडता येईल इतकं घेतलं असेल तेव्हा. इथे हिशेबच कोसळतो. तोच चाकर बाहेर पडून १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दाखल्याचा चटका तिथे आहे. माफी खिशात आणि हिशेबाची सवय मात्र तशीच.

प्रतिसाद ४

वरच्या चाकरावरून माझी गोष्ट सांगते. कामावर मी एकदा चुकीचे आकडे पुढे पाठवले. चूक पूर्ण माझी. वरिष्ठांनी कागद पाहिला, म्हणाल्या, "मी बघते." बस. पुढचे तीन आठवडे मी टोमण्याची वाट पाहत होते. त्यांनी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी मी त्यात काहीतरी शोधायची. उगाच उशिरापर्यंत थांबायची, त्यांची कामं अंगावर घ्यायची. शेवटी त्यांनीच विचारलं, "हे कशाचे हप्ते फेडतेयस?"

मी फेडत होते, कारण मी त्याला उपकार समजत होते. त्यांनी तो विषय त्याच दिवशी मिटवला होता. मी जन्मानं ख्रिस्ती, कृपा हा शब्द लहानपणापासून तोंडपाठ, पण त्याचा अर्थ त्या प्रश्नानं कळला. मग सहा महिन्यांनी नवीन मुलानं माझ्या हाताखाली तसाच घोळ घातला. ओरडायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. ग्रीकमध्ये 'क्षमा करणे' यासाठी पौल जे क्रियापद वापरतो ते खारिसवरूनच आलंय, हे मला पुष्कळ नंतर समजलं. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात 'एकमेकांना क्षमा करा' आहे ना, त्याला 'एकमेकांवर कृपा करा' म्हटलं तरी चालेल.

प्रतिसाद ५

गोष्ट छान, पण सगळे तुमच्यासारखे नसतात. आपल्याला ओळखीची कृपा म्हणजे ग्रेस मार्क. फुकट मिळतं म्हटल्यावर कोण अभ्यास करेल?

प्रतिसाद ३ लिहिणारा पुन्हा

ग्रेस मार्काचं उदाहरण आवडलं, पण ते उलट बाजूनं लागतं. काठावर आलेल्यालाच ग्रेस मिळते. आधी स्वतः जवळपास पोचायचं, मग उरलेले दोन-तीन गुण वरून. पाचव्या शतकात पेलागियस आणि ऑगस्टीन या दोन ख्रिस्ती विचारवंतांच्या बाजूंमध्ये वाद झाला तो याच्या आसपासचा: माणूस स्वतःच्या बळावर किती अंतर चालू शकतो. ऑगस्टीनचं म्हणणं, चालायचं बळसुद्धा कृपेचंच.

'कोण अभ्यास करेल' हा प्रश्न पौलानं स्वतःच विचारून ठेवलाय: कृपा वाढावी म्हणून पापातच राहावं काय? उत्तर ठाम नाही असं आहे. नाझी राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या बोनहोफर या जर्मन धर्मोपदेशकानं १९३७ साली 'स्वस्त कृपा' असा शब्दच रूढ केला. शिष्य होण्याची तयारी नाही आणि माफी मात्र हवी, त्याला त्यानं हे नाव दिलं.

मात्र 'कृपा कळली आणि माणूस बदलला' असं एका झटक्यात लिहू नका. जॉन न्यूटन घ्या, 'अमेझिंग ग्रेस' या कृपेवरच्या जगप्रसिद्ध भजनाचा कर्ता. १७४८ साली समुद्रातल्या वादळात तो देवाकडे वळला. त्यानंतर १७५४ पर्यंत गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर कप्तान होता! त्या व्यापाराविरुद्ध त्यानं पत्रक काढलं ते १७८८ साली. मध्ये ४० वर्षं गेली. त्यानं स्वतःच पुढे कबूल केलं, की त्या वादळानंतर बराच काळ आपण खऱ्या अर्थानं विश्वासू नव्हतो.

प्रतिसाद ६

कोणीतरी 'फुकट' म्हटलं, त्यावर एक गंमत. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात देवाच्या कृपेनं माणूस 'विनामूल्य' नीतिमान ठरतो. मूळ ग्रीक शब्द 'दोरेआन'. मला 'विनामूल्य' वाचलं की जाहिरात आठवते. हाच शब्द येशू शिष्यांना पाठवताना वापरतो आणि तिथे मराठीत सरळ 'फुकट मिळाले, फुकट द्या' आहे. तिसऱ्यांदा पाहा: गलतीकरांस पत्रात पौल म्हणतो, नियम पाळून नीतिमत्त्व मिळत असतं तर ख्रिस्त 'दोरेआन' मेला असता, म्हणजे व्यर्थ. एकाच शब्दाला पैसे न पडणं आणि वाया जाणं हे दोन्ही अर्थ. आपल्या 'फुकट'लाही नेमके हेच दोन आहेत: फुकट मिळालं, फुकट गेलं. माझ्या मते 'फुकट' हा इथे संस्कृत शब्दांपेक्षा सरस आहे. अनेकांना तो हलका वाटेल, वाटू दे.

प्रश्नकर्ता

सगळं आईला वाचून दाखवलं. 'फुकट' तिला पटला, ग्रेस मार्कावर हसली. मग म्हणाली, "शब्द ठीक आहे रे, तुझं 'वर' चुकलंय. दुसऱ्याच्या जिवावर जगतात, भिकेवर जगतात, व्याजावर जगतात. 'वर' लावलंस की माणूस बांडगूळ झाला. 'कृपेत' लिही."

पत्र काढून पाहिलं. रोमकरांस, पाचवा अध्याय: ज्या कृपेत आपण उभे आहोत. तिथेही 'त'च आहे, आणि माणूस उभा आहे.

आता वाक्य असं केलंय: 'कृपेत जगायला लागलो की हिशेबाची वही हातातून सुटते.' वही जरा जास्त होतेय का? वाटत असेल तर कापतो.